समजून घ्या : ‘जर्मन शेफर्ड’चा खरा उच्चार काय? या जातीचे जनक माक्स फॉन श्टेफानित्स कोण होते?

पोलिसांच्या श्वान पथकात, लष्कराच्या संचलनात आणि सोसायटीच्या गेटवर दिसणारा हा कुत्रा. आजोबा त्याला ‘अल्सेशियन’ म्हणतात, वडील ‘जर्मन शेफर्ड’ म्हणतात आणि नातवंडे नुसते ‘जीएसडी’. कुत्रा एकच, नावे तीन. जर्मनीत गेलात तर चौथेच नाव ऐकू येईल, ‘शेफरहुंट’. हा नावांचा गोंधळ कुणाच्या चुकीमुळे झालेला नाही. त्यामागे एक महायुद्ध आहे आणि घोडदळातून बाहेर पडावे लागलेल्या एका अधिकाऱ्याचे आयुष्य आहे. या अधिकाऱ्याचे नाव माक्स फॉन श्टेफानित्स. त्यांची गोष्ट आणि त्या निमित्ताने जर्मन श्वानजातींच्या नावांचे उच्चार समजून घेऊ.

आपला उच्चार चूक की बरोबर?

इंग्रजीत मेंढपाळाला जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘शेपर्ड’ असा होतो. त्यात ‘फ’ नाही. ‘शीप’ म्हणजे मेंढी आणि ‘हर्ड’ म्हणजे राखणारा, असे दोन शब्द जोडून तो तयार झाला आहे. स्पेलिंगमध्ये ‘पी’ आणि ‘एच’ शेजारी आल्याने आपल्याकडे तो ‘शेफर्ड’ असा वाचला गेला आणि तसाच रुळला.

गंमत म्हणजे मूळ जर्मन शब्दात ‘फ’ आहेच. जर्मनमध्ये मेंढीला ‘शाफ’ म्हणतात आणि मेंढपाळाला ‘शेफर’. म्हणजे इंग्रजीच्या दृष्टीने चुकलेला आपला उच्चार योगायोगाने जर्मनच्या जवळ जाऊन पोहोचला आहे. जातीचे पूर्ण नाव ‘डॉइचर शेफरहुंट’, म्हणजे जर्मन मेंढपाळाचा कुत्रा.

‘हुंट’ म्हणजे कुत्रा. इंग्रजी ‘हाउंड’ हा त्याचा सख्खा भाऊ, तर आपला ‘श्वान’ हा लांबचा चुलतभाऊ. संस्कृतमधील ‘श्वन्’ आणि जर्मन ‘हुंट’ हे एकाच प्राचीन मूळ शब्दातून आले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. संस्कृतमध्ये जिथे ‘श’ येतो तिथे जर्मन कुळातील भाषांत अनेकदा ‘ह’ येतो. शंभरासाठी आपल्याकडे ‘शत’ आणि जर्मनमध्ये ‘हुंडर्ट’, हे त्याचे दुसरे उदाहरण.

श्टेफानित्स कोण होते?

माक्स एमिल फ्रीडरिश फॉन श्टेफानित्स यांचा जन्म ३० डिसेंबर १८६४ रोजी द्रेस्डेन शहरात झाला. तेव्हा जर्मनी हा एकसंध देश नव्हता. द्रेस्डेन ही सॅक्सनी राज्याची राजधानी होती. जर्मन साम्राज्य १८७१ मध्ये उभे राहिले, तेव्हा श्टेफानित्स सहा वर्षांचे होते.

त्यांच्या नावातील ‘फॉन’ हा शब्द ‘अमुक ठिकाणचा’ या अर्थाचा आहे आणि तो उमराव घराण्याची खूण मानला जात असे. अशा घरातील मुलाने सैन्यात जाणे ही त्या काळची रीत. श्टेफानित्सही घोडदळात अधिकारी झाले. याच काळात काही दिवस ते बर्लिनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात होते. तिथे प्राण्यांची शरीररचना, हाडांची ठेवण आणि हालचाल यांचा त्यांनी अभ्यास केला. पुढे कुत्र्यांकडे पाहण्याची त्यांची जी दृष्टी तयार झाली, तिचा पाया इथे घातला गेला. कुत्रा दिसतो कसा यापेक्षा तो चालतो कसा, थकतो कधी आणि सांगितलेले समजतो किती, हे त्यांना महत्त्वाचे वाटू लागले.

मेंढपाळांच्या कुत्र्यांकडे लक्ष का गेले?

एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या प्रत्येक भागात मेंढ्या राखणारे कुत्रे होते, पण त्यांची एक जात नव्हती. ट्युरिंगन भागातील कुत्रे उभ्या कानांचे, चपळ आणि लांडग्यासारख्या करड्या रंगाचे होते. दक्षिणेकडील व्युर्टेमबर्गचे कुत्रे अंगाने मोठे आणि भारदस्त होते. मेंढपाळ आपल्या कामाला उपयोगी पडेल असा कुत्रा निवडत. रंग किंवा कान कोणी पाहत नसे.

मात्र दिवस बदलत होते. कारखाने वाढले, रेल्वे आली, कुरणे कमी झाली, लांडगे जवळजवळ संपले. मेंढ्यांचे कळप घटू लागले तसे त्यांना राखणाऱ्या कुत्र्यांचे कामही जाऊ लागले. या कुत्र्यांची एक जात घडवावी यासाठी १८९१ मध्ये ‘फायलॅक्स’ नावाची एक संस्था निघाली, पण तिच्यातच मतभेद झाले. कुत्रे देखणे असावेत की कामाचे, हा त्यातील एक कळीचा वाद होता. १८९४ मध्ये ती संस्था बंद पडली. हा वाद मात्र संपला नाही आणि आजही तो चालू आहे.

श्टेफानित्स यांनी या वादात कामाची बाजू घेतली. त्यांनी मेंढपाळांच्या कुत्र्यांना प्रत्यक्ष काम करताना पाहिले होते. मालकाच्या खुणेवर संपूर्ण कळप वळवणारा कुत्रा आणि प्रदर्शनात नुसता उभा राहणारा कुत्रा यांतील फरक त्यांना कळला होता.

लग्नामुळे नोकरी का गेली?

१८९८ मध्ये श्टेफानित्स ‘रिटमाइस्टर’, म्हणजे घोडदळातील कॅप्टन झाले. त्याच सुमारास त्यांनी मारी वाग्नर या अभिनेत्रीशी विवाह केला. आज यात कोणाला काही वावगे वाटणार नाही. त्या काळच्या जर्मन सैन्यात मात्र अधिकाऱ्याची पत्नी कोणत्या घरातील आहे हे पाहिले जाई. नाटकात काम करणारी स्त्री त्या चौकटीत बसत नव्हती. श्टेफानित्स यांची लष्करी कारकीर्द संपली.

वय तेहतीस-चौतीस, हाताशी थोडीफार मालमत्ता आणि भरपूर वेळ. बव्हेरियातील ग्राफराट या गावाजवळ त्यांनी जमीन घेतली आणि कुत्र्यांच्या पैदाशीला वाहून घेतले.

पहिला ‘जर्मन शेफर्ड’ कोणता?

या जातीच्या इतिहासात नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी. एप्रिल १८९९ मध्ये कार्ल्सरूअ शहरात श्वान प्रदर्शन भरले होते. श्टेफानित्स आपले मित्र आर्टुर मायर यांच्यासोबत तिथे होते. त्यांच्या नजरेस एक मध्यम आकाराचा, करड्या-पिवळसर रंगाचा कुत्रा पडला. त्याचे नाव हेक्टर लिंक्सराइन. त्यात ताकद होती, चपळता होती आणि कोणी न शिकवता कळप राखण्याची उपजत समजही होती. श्टेफानित्स ज्या कुत्र्याची कल्पना करत होते तो हाच होता.

त्यांनी तो विकत घेतला आणि त्याचे नाव बदलून ‘होरांट फॉन ग्राफराट’ ठेवले. माणसांच्या नावातील ‘फॉन’ इथे कुत्र्याच्या नावात आले. ग्राफराट हे मालकाच्या गावाचे नाव. पैदास केंद्राचे किंवा गावाचे नाव ‘फॉन’ लावून कुत्र्याच्या नावापुढे जोडण्याची पद्धत आजही चालू आहे. भारतात जन्मलेल्या, कागदपत्रे असलेल्या अनेक जर्मन शेफर्डच्या नावातही हे ‘फॉन’ सापडते.

२२ एप्रिल १८९९ रोजी जर्मन शेफर्ड संघटना स्थापन झाली. श्टेफानित्स तिचे अध्यक्ष झाले आणि संघटनेच्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर होरांटचे नाव लिहिले गेले. या नोंदवहीत उतरलेला तो पहिला कुत्रा. आज जगभरात असलेल्या जर्मन शेफर्डची वंशावळ मागे नेत गेल्यास ती त्याच्यापर्यंत पोहोचते.

जात ‘घडवली’ म्हणजे नेमके काय केले?

इथे एक तांत्रिक मुद्दा समजून घ्यायला हवा. एखाद्या प्राण्यातील हवे ते गुण पुढच्या पिढ्यांत पक्के करायचे असतील तर त्याच्याच वंशातील जवळच्या प्राण्यांचा आपसात संयोग घडवला जातो. श्टेफानित्स यांनी होरांट आणि त्याच्या वंशजांबाबत हेच केले. होरांटचा मुलगा हेक्टर फॉन श्वाबेन १९०० आणि १९०१ अशी सलग दोन वर्षे जातीतील सर्वोत्तम नर ठरला. त्याच्या वंशातील कुत्र्यांचा पुढे मोठ्या प्रमाणावर वापर झाला.

या पद्धतीत गुणांसोबत दोषही पक्के होतात. दबलेले आजार वर येतात. हे लक्षात आल्यावर संघटनेने मेंढपाळांकडील वेगळ्या रक्ताचे कुत्रेही नोंदवहीत घेतले.

पुढे १९२०च्या दशकात वेगळीच अडचण आली. लोकप्रियता वाढली तसे कुत्रे उंच आणि बोजड होऊ लागले. १९२५ च्या मुख्य स्पर्धेत श्टेफानित्स यांनी क्लोडो फॉन बॉक्सबर्ग या तुलनेने ठेंगण्या, लांबट कुत्र्याला सर्वोत्तम ठरवले. हा निकाल म्हणजे जातीची दिशा बदलण्याचा आदेशच होता. याच दशकात प्रत्येक कुत्र्याची शरीररचना आणि स्वभाव तपासूनच त्याला पैदाशीसाठी परवानगी देण्याची ‘क्योरुंग’ ही पद्धत सुरू झाली.

मेंढ्या कमी झाल्यावर कुत्र्यांचे काय झाले?

कामच नसेल तर कामाचा कुत्रा टिकणार कसा, हा श्टेफानित्स यांच्यासमोरचा खरा प्रश्न होता. त्यांनी त्याला नवी कामे शोधली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांनी पोलिसांकडे आणि सैन्याकडे पाठपुरावा केला. माग काढणे, पहारा देणे, संशयिताला अडवून ठेवणे ही कामे हा कुत्रा उत्तम करतो हे हळूहळू सिद्ध झाले.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. जर्मन सैन्याने हजारो कुत्रे वापरले. ते खंदकांमधून संदेश पोहोचवत आणि जखमी सैनिकांना शोधून काढत. विषारी वायू आणि स्फोटांमुळे अनेक सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग शहरात मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा सुरू झाली आणि तिथे जर्मन शेफर्डना प्रशिक्षण दिले गेले. पुढे डोरोथी युस्टिस या अमेरिकी महिलेने जर्मनीतील हे काम पाहिले. १९२९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. तिचा पहिला प्रसिद्ध मार्गदर्शक कुत्रा, म्हणजे मॉरिस फ्रँक यांची ‘बडी’, ही जर्मन शेफर्ड मादी होती.

मग ‘अल्सेशियन’ हे नाव कुठून आले?

युद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये ‘जर्मन’ या शब्दाबद्दल संताप होता. खुद्द ब्रिटिश राजघराण्याने १९१७ मध्ये आपले जर्मन आडनाव टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतले होते. पण आघाडीवरून परतलेल्या सैनिकांना हा कुत्रा आवडला होता. म्हणून कुत्रा ठेवला आणि नाव बदलले. १९१९ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीची स्वतंत्र नोंद सुरू केली तेव्हा तिला ‘अल्सेशियन वुल्फ डॉग’ म्हटले गेले. अल्सास हा जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सीमेवरचा प्रदेश. १८७१ ते १९१८ तो जर्मनीकडे होता, युद्धानंतर फ्रान्सकडे गेला. त्यामुळे हे नाव ब्रिटिशांना सोयीचे होते. ‘वुल्फ’ या शब्दाने लोक घाबरू लागल्यावर नावातील तो भागही गळाला.

अमेरिकेतही युद्धकाळात नावातून ‘जर्मन’ काढून नुसते ‘शेफर्ड डॉग’ ठेवण्यात आले. १९३१ मध्ये ‘जर्मन’ परत आले. ब्रिटनमध्ये त्यासाठी १९७७ पर्यंत थांबावे लागले. त्यानंतरही कंसात ‘अल्सेशियन’ राहिलेच. ते २०१० मध्ये निघाले.

ऑस्ट्रेलियाने तर १९२०च्या दशकाच्या अखेरीस या कुत्र्याच्या आयातीवरच बंदी घातली आणि ती १९७०च्या दशकापर्यंत टिकली. हा कुत्रा तिथल्या रानटी डिंगोंशी संकर करून मेंढ्यांचा फडशा पाडेल, अशी तिथल्या मेंढपालकांना भीती होती. ज्याच्या नावातच मेंढपाळ आहे त्याच्यावर मेंढ्यांचा शत्रू म्हणून बंदी आली!

भारतात त्या वेळी ब्रिटिशांची सत्ता होती. त्यामुळे आपल्याकडे इंग्रजांनी वापरलेले नाव आले आणि मराठी घरांत, बातम्यांत ‘अल्सेशियन’ रुजले. खुद्द ब्रिटनने ते नाव सोडले तरी आपल्याकडील जुन्या पिढीच्या तोंडी ते अजून आहे.

जर्मन नावे वाचायची कशी?

श्टेफानित्स यांच्या संघटनेचे नाव ‘फेराइन फ्युअर डॉइचे शेफरहुंडे’. हे एक नाव नीट वाचता आले की जर्मन उच्चारांचे बरेचसे नियम कळतात.

- ‘व्ही’चा ‘फ’, ‘डब्ल्यू’चा ‘व’ : ‘फेराइन’ या शब्दाची सुरुवात ‘व्ही’ने होते. म्हणूनच आपण ज्या मोटारीला ‘फोक्सवॅगन’ म्हणतो ती जर्मनांसाठी ‘फोल्क्सवागन’ आहे. संघटनेचे ‘एसव्ही’ हे लघुरूप जर्मनमध्ये ‘एस-फाउ’ असे वाचतात.
- शेवटचा ‘ड’ होतो ‘ट’ : ‘हुंड’ लिहितात, ‘हुंट’ म्हणतात. अनेकवचनात पुढे स्वर आला की ‘ड’ परत ऐकू येतो : ‘हुंडे’.
- ‘एसटी’, ‘एसपी’ने सुरुवात असेल तर ‘श्ट’, ‘श्प’ : म्हणून ‘स्टेफानित्झ’ नव्हे, ‘श्टेफानित्स’. ‘स्पिट्झ’ नव्हे, ‘श्पिट्स’.
- ‘झेड’चा ‘त्स’ : ‘श्नाउझर’चा जर्मन उच्चार ‘श्नाउत्सर’.

इतर जातींच्या नावांत काय दडले आहे?

जर्मन नावे बहुतेकदा कुत्र्याचे काम, गाव किंवा रूप सांगतात.

- डाक्सहुंट : आपल्याकडे ‘डॅशहाउंड’ म्हणतात. ‘डाक्स’ म्हणजे बिळात राहणारा बॅजर हा प्राणी. त्याच्या बिळात शिरता यावे म्हणून याचे पाय आखूड. जर्मनीत घरोघरी मात्र याला ‘डाकेल’ म्हणतात.
- रॉटवायलर : दक्षिण जर्मनीतील रॉटवाइल या रोमनकाळापासूनच्या गावावरून. गुरे हाकणे आणि खाटकांच्या गाड्या ओढणे हे याचे काम होते.
- डोबरमान : हे चक्क एका माणसाचे आडनाव. कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान हे आपोल्डा गावात करवसुली करत. त्यांनी पैदास केलेल्या कुत्र्यांना त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे नाव मिळाले. जर्मन स्पेलिंगमध्ये शेवटी दोन ‘एन’ आहेत, अमेरिकी स्पेलिंगमध्ये एक.
- पूडल : जर्मन ‘पूडेल’. पाण्यात डुबुकडुबुक करणे या अर्थाच्या क्रियापदावरून. पाण्यात पडलेली शिकार आणणारा हा कुत्रा.
- श्नाउत्सर : ‘श्नाउत्से’ म्हणजे प्राण्याचे तोंड, मुस्कट. याच्या मिशा पाहिल्या की नाव का पडले हे कळते.
- श्पिट्स : म्हणजे टोकदार. टोकदार नाक आणि कानांवरून हे नाव पडले. याच गटातील पॉमेरेनियनचे नाव बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया प्रदेशावरून आले आहे. तो आज जर्मनी आणि पोलंडमध्ये विभागलेला आहे.

श्टेफानित्स यांचा शेवट कसा झाला?

१९२१ मध्ये श्टेफानित्स यांनी या जातीवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. कुत्र्यांच्या निरीक्षणाबाबत तो आजही वाचला जातो. पण त्याची दुसरी बाजूही आहे. प्राण्यांच्या ‘शुद्ध रक्ता’ची भाषा तो माणसांनाही लावतो आणि त्यात ज्यूंविषयी पूर्वग्रहदूषित मजकूर आहे, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्या काळच्या जर्मनीत असे विचार सर्रास होते. श्टेफानित्स त्याला अपवाद नव्हते.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. त्यांनी देशातील सर्व संस्था आपल्या ताब्यात आणायला सुरुवात केली. त्यातून श्वान संघटनाही सुटल्या नाहीत. छत्तीस वर्षे संघटना चालवणारे श्टेफानित्स १९३५ मध्ये अध्यक्षपदावरून दूर झाले. २२ एप्रिल १९३६ रोजी द्रेस्डेनमध्ये त्यांचे निधन झाले. संघटनेचा तो ३७ वा वर्धापन दिन होता.

त्यानंतर या कुत्र्याचा जो वापर झाला तो पाहायला ते उरले नाहीत. हिटलरने ‘ब्लोंडी’ नावाची जर्मन शेफर्ड मादी पाळली होती. नाझी छळछावण्यांच्या पहाऱ्यावरही हेच कुत्रे होते. १९६३ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे कृष्णवर्णीय आंदोलकांवर पोलिसांनी सोडलेले कुत्रेही याच जातीचे. दुसरीकडे हाच कुत्रा अंधांना रस्ता ओलांडून देत होता आणि ढिगाऱ्याखालून माणसे शोधत होता. सांगितलेले काम जीव तोडून करण्याचा गुण श्टेफानित्स यांनी या जातीत पक्का केला. काम कोणते, हे मात्र दोरी धरणारा ठरवत आला.

आज वाद कशावर आहे?

प्रदर्शनातील अनेक जर्मन शेफर्डची पाठ मागे उतरती झालेली दिसते. या जातीत खुब्याच्या सांध्याचा विकारही बराच आढळतो. त्यामुळे जगभरात ‘प्रदर्शनाचे’ आणि ‘कामाचे’ अशा दोन वेगळ्या वंशरेषा पडल्या आहेत. पोलीस आणि सैन्यदले सहसा दुसऱ्या प्रकारचे कुत्रे निवडतात. अनेक ठिकाणी जर्मन शेफर्डची जागा आता बेल्जियन मॅलिन्वा घेत आहे. देखणा कुत्रा की कामाचा, या ‘फायलॅक्स’ संस्थेत पेटलेल्या वादाला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आहेत.

पिल्लू घेणाऱ्यांसाठी यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. कागदावर ‘फॉन’ लावलेले भारदस्त नाव आहे का, हे पाहण्याआधी आई-वडिलांच्या खुब्याचा एक्स-रे अहवाल मागा. शक्य असेल तर त्या दोघांना चालताना पाहा. श्टेफानित्स यांनीही कुत्रा पाहताना आधी त्याची चालच पाहिली असती.